चार कुत्री, सहा जोड्या: विक्रोळीतल्या एका घराचं प्रकरण

जूनचा दुसरा आठवडा. पाऊस नुकताच लागला होता. फोन काकूंचा होता. "ताई, आमच्याकडची कुत्री हल्ली रोज झोंबतात. काल रात्री तर शेजारचे उठून आले. हे म्हणतायत, दोघांना कुठेतरी सोडून येऊ. तुम्ही एकदा येऊन बघता का?" मी कुत्र्यांना शिकवायचं काम करते. मी विचारलं, कोण कोणाच्या अंगावर जातं? काकू म्हणाल्या, "सगळीच हो. एकाने सुरुवात केली की सगळी पडतात."

दोनपेक्षा जास्त कुत्री असलेल्या घरांत "सगळीच भांडतात" हे मला हमखास ऐकायला मिळतं, आणि बहुतेक वेळा ते खरं नसतं. हे प्रकरण सविस्तर लिहितेय ते त्यासाठीच. शिवाय यात माझी एक चूक आहे, ती दुसऱ्या कुणी करू नये असं मला मनापासून वाटतं. घरच्यांची नावं दिलेली नाहीत, कुत्र्यांची दिली आहेत.

घर आणि घरातली

कन्नमवार नगर, विक्रोळी पूर्व. म्हाडाची जुनी इमारत, तळमजला. बाहेरची खोली, आत स्वयंपाकघर, मोरी, आणि मागे पत्रा टाकून काढलेली चिंचोळी पडवी. एवढ्या जागेत तीन माणसं आणि चार कुत्री. काका कारखान्यातून निवृत्त झालेले, मुलगी ठाण्याला नोकरीला, काकू पोळ्यांच्या ऑर्डरी घेतात. सकाळी अकरापर्यंत त्या ओट्यावर दीडशे पोळ्या होतात. पोळ्या न्यायला मुलगा येतो, गिऱ्हाइकं येतात, म्हणजे सकाळभर बेल वाजत राहते. या बेलेकडे पुढे पुन्हा यावं लागणार आहे.

कुत्र्यांतली सर्वांत जुनी चंपा. काळी, गावठी, 9 वर्षांची, 16 किलो. डाव्या कानाला नसबंदीची व्ही आकाराची खाच. ती आधी इमारतीची होती, मग जिन्याखालची झाली, मग या घरची झाली. मोती 6 वर्षांचा, तीन पायांचा. चौथा पाय पूर्व द्रुतगती महामार्गावर गाडीखाली गेला. बिस्कीट हा लॅब्रॅडोर, 7 वर्षांचा, वजन 36 किलो. पुनर्विकासासाठी शेजारची इमारत रिकामी झाली, तेव्हा कुणीतरी त्याला मागेच ठेवून गेलं. झिपरी 2 वर्षांची. दोन पावसाळ्यांपूर्वी मुलीने तिला भिजलेल्या खोक्यातून उचलून आणलं होतं. चौघांचीही नसबंदी झालेली. हे काम या घराने आधीच केलं होतं म्हणून बरं, नाहीतर मादी माजावर आली की एवढ्याशा घरात काय होतं ते मी दुसरीकडे पाहिलं आहे.

एकही कुत्रा या घराने ठरवून आणलेला नाही. मुंबईत चार-पाच कुत्री असलेली घरं बहुतेक अशीच तयार होतात. दर वेळी एकच जीव वाचवायचा असतो, आणि त्या एकाचा विचार करताना आधीचे तिघे मोजले जात नाहीत.

भांडणं थांबवायला काकांनी मोबाइलवर बघून एक उपाय सुरू केला होता. झिपरीला जमिनीवर उताणी पाडून धरायचं, ती ढिली पडेपर्यंत. "घरात मालक कोण ते तिला कळलं पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. कळपाचा म्होरक्या ही कल्पना पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी असलेल्या लांडग्यांवरून आली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनी आधी तिचा प्रसार केला आणि 1999 मध्ये स्वतःच ती बाजूला ठेवली, कारण रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे मुख्यतः आई-बाप आणि त्यांची पिल्लं असतात. काकांना मी हे सांगितलं, पण त्यांना पटलं ते वेगळ्याच कारणाने. मी विचारलं, "काका, तुम्ही तिला दाबून धरता तेव्हा चंपा कुठे असते?" ते म्हणाले, "समोरच, बघत असते." म्हणजे चंपा दिसली की आपल्याला पाडतात, एवढंच झिपरी रोज शिकत होती. त्या दिवसापासून त्यांनी तिला पाडणं बंद केलं.

दुधाच्या खाड्यांशेजारी

चार कुत्र्यांत नाती किती? दोन कुत्र्यांत जोडी एक, तिघांत तीन, चौघांत सहा. चौथा कुत्रा आला की खाणारं तोंड एकच वाढतं, पण नाती तिनाची सहा होतात. म्हणून मी आधी शिकवायला बसत नाही, आधी जोड्या लिहायला सांगते.

काकूंच्या भिंतीवर कालनिर्णय होतं आणि त्यावर दुधाचे खाडे मांडलेले होते. त्याच चौकटींत त्यांना आणखी चार गोष्टी लिहायला सांगितल्या: कोण, कोणावर, कुठे, आणि त्याच्या लगेच आधी काय झालं. नुसती मारामारी लिहायची नाही. गुरगुरणं लिहायचं, नजर रोखून ताठ उभं राहणंही लिहायचं. तोवर चौघांना वेगवेगळं जेवायला द्यायचं आणि माणूस घरात नसताना कुणालाही एकत्र मोकळं सोडायचं नाही, एवढीच सक्ती.

दहा दिवसांत चौदा नोंदी झाल्या. त्यातल्या अकरा चंपा आणि झिपरीच्या. दोन नोंदी बिस्कीट आणि मोतीच्या, दोन्ही वेळा खाली पडलेल्या पोळीवरून, आणि दोन्ही गुरगुरण्यावर मिटल्या. एक झिपरी-बिस्कीटची, पाय पडला म्हणून. उरलेल्या तीन जोड्यांची एकही नोंद नव्हती. मोती आणि चंपा तर एकमेकांना टेकून झोपत होती. भांडण पेटलं की बाकीचे दोघे भोवती भुंकत धावायचे, त्यालाच काकू "सगळी पडतात" म्हणत होत्या.

सहांतली एक जोडी. हे कळल्यावर त्या घरातलं वातावरणच बदललं. दोघांना सोडून यायचा विषय काकांनी पुन्हा काढला नाही.

त्या अकरा नोंदींत पाच स्वयंपाकघराच्या दारातल्या, चार बेल वाजल्यावरच्या आणि दोन सकाळच्या, उठल्या उठल्या घडलेल्या. दार आणि बेल लगेच समजण्यासारखे होते: अडीच फुटांच्या दारात दोघी समोरासमोर आल्या की कुणालाच बाजूला सरकता येत नाही, आणि बेल वाजली की सगळी एकाच दिशेने सुटतात. मला कोडं पडलं ते सकाळच्या दोन नोंदींचं. तिथे ना खाणं होतं, ना दार, ना बेल.

मुलीच्या मोबाइलमध्ये एका सकाळचं चित्रण निघालं. ते मी बऱ्याच वेळा पाहिलं. झिपरी कान मागे पाडून, अंग लवत चंपाकडे येते आणि तिचं तोंड चाटायला लागते, पिल्लू मोठ्या कुत्रीचं चाटतं तसं. यात भांडण कुठेच नाही, उलट गोडीगुलाबी आहे. चंपा मान फिरवते. ओठांवरून जीभ फिरवते. झिपरी दुसऱ्या बाजूने, उजव्या गालाकडून चाटायला येते, आणि चंपा एकदम फुटते.

मी काकूंना विचारलं, चंपा जेवते कशी? त्या म्हणाल्या, हल्ली तयार खाण्यातले दाणे खाली सांडते, म्हातारी झाली ना. मी हातावर एक दाणा दिला. तिने तो घेतला, डाव्या बाजूला नेला, मान तिरकी करून चावला. दुसरा दिला, तोही डावीकडेच नेला. उजव्या डोळ्याखाली बोट टेकवलं तर तिथे किंचित सूज होती. काकूंनी ती पाहिली होती, पण काहीतरी चावलं असेल असं समजून हळद लावली होती.

मी पशुवैद्य नाही. तिथेच थांबले आणि डॉक्टरांकडे पाठवलं. वरची मोठी दाढ उभी चिरली होती आणि मुळाशी पू साठला होता. कारणही घरातच सापडलं. खाटिक दर रविवारी मटणाच्या नळ्या फुकट द्यायचा आणि काकू त्या उकडून चौघांना वाटायच्या. शिजवलेलं हाड ठिसूळ होऊन फुटतं, कच्ची जाड नळी दात फोडते. दोन्ही नकोत. रक्ताची तपासणी, भूल, एक्स-रे आणि दाढ काढणं मिळून 13,500 रुपये झाले. ते मुलीने भरले.

एरवी गरीब असलेलं कुत्रं अचानक चिडकं झालं, तर शिकवणारा बोलवायच्या आधी दात, कान आणि सांधे तपासून घ्या. कुत्रं दुखणं लपवतं, आणि दुखऱ्या जागी हात किंवा जीभ लागली की मगच बोलतं.

गोधडीवर

दाढ गेली, सूज उतरली, तरी दोघींची भांडणं थांबली नाहीत. सकाळची थांबली. दारातली आणि बेलेची चालू राहिली. चार महिने झिपरीला चंपाकडून विनाकारण चावे मिळाले होते, आणि आता ती आधीच तयारीत असायची. शिवाय तिचं वय दोन वर्षं. पिल्लू असताना खपवून घेतलेलं कुत्रं दीड-दोन वर्षांचं झालं की घरातली जुनी गणितं पुन्हा मांडली जातात, आणि एकाच घरातल्या दोन माद्यांचं बिनसलं की ते बरेचदा नर-मादीच्या भांडणापेक्षा चिवट असतं.

काकूंनी जुन्या साड्यांच्या चार छोट्या गोधड्या शिवल्या. चंपाची हिरवी, मोतीची तांबडी, बिस्कीटची निळी, झिपरीची पिवळी. रंग माणसांसाठी, कुत्र्याला स्वतःचा वास पुरतो. प्रत्येकाने एकच गोष्ट शिकायची: "जागेवर" म्हटलं की आपल्या गोधडीवर जाऊन बसायचं आणि "चल" म्हणेपर्यंत तिथेच राहायचं.

हे एकेकट्याने शिकवायचं. चौघांना समोर घेऊन "बस, बस, बस" म्हणणं हे अनेक कुत्र्यांच्या घरातलं सर्वांत वाया जाणारं काम. एक बसतो, दुसरा उठतो, खाऊ भलत्यालाच मिळतो. काकूंनी एकाला पडवीत घ्यायचं, दार लावायचं, पाच मिनिटं. दिवसाला वीस मिनिटांत चौघेही होतात. खाऊ म्हणजे उकडलेल्या कोंबडीच्या कलेजीचे वाटाण्याएवढे तुकडे. त्याहून मोठे नकोत, आणि कलेजी रोज जास्त देऊ नये.

झिपरीचा एक दिवस सांगते. गोधडी अंथरल्याबरोबर ती तिच्यावर धावत गेली, पुढचे दोन पाय गोधडीवर, मागचे फरशीवर. काकू काही बोलल्या नाहीत. झिपरीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग हाताकडे, मग एक मागचा पाय आत घेतला. तुकडा मिळाला. मग दुसरा पाय. पुन्हा तुकडा. मग ती बसली, आणि काकूंनी लागोपाठ पाच तुकडे गोधडीवरच टाकले, एकेक करून. हातात द्यायचं नाही, गोधडीवर टाकायचं, म्हणजे कुत्र्याचं लक्ष आपल्या हातात अडकत नाही, जागेशी जोडलं जातं. काकू म्हणाल्या, "हे तर पोळी फुगायची वाट बघण्यासारखंच आहे. डिवचलं की बिघडतं." मी हे वाक्य नंतर बऱ्याच घरांत वापरलं आहे.

त्याच आठवड्यात नावांचं काम केलं. चार कुत्र्यांच्या घरात नाव म्हणजे "आता मी तुझ्याशी बोलतेय, बाकीच्यांशी नाही" एवढाच अर्थ. आधी नाव, मग शब्द. "मोती, चल." तिघे बसून राहिले पाहिजेत. त्यासाठी जो उठतो त्याच्याबरोबरच, बसून राहणाऱ्यांनाही तुकडा द्यावा लागतो. लोक नेमकं हेच विसरतात.

मग सोप्या जोडीपासून सुरुवात. आधी मोती आणि बिस्कीट, मग मोती आणि चंपा, मग तिघे. चंपा-झिपरी सगळ्यात शेवटी, मध्ये दार ठेवून. ग्रिलवाल्याकडून स्वयंपाकघराला जाळीचं दार बसवून घेतलं, तीन फूट उंचीचं. झिपरीने दुसऱ्याच दिवशी त्यावरून उडी मारली. मग ते साडेचार फुटांचं करावं लागलं. पैसे दोनदा गेले. गावठी कुत्र्यासाठी दार बनवताना आधीच उंच घ्या.

बेलेसाठी काकांना काम दिलं. कुणीही आलेलं नसताना दिवसातून आठ-दहा वेळा त्यांनी स्वतः बाहेर जाऊन बेल वाजवायची. बेल वाजली की गोधडी, गोधडीवर तुकडा. दारात कुणीच नाही. पहिले चार दिवस नुसता गोंधळ झाला. दहाव्या दिवशी पोळ्यांचा मुलगा खरोखर आला, बेल वाजली, तर बिस्कीट भुंकत भुंकत निळ्या गोधडीवर जाऊन बसला. भुंकत होता, पण जाग्यावर बसून.

माझी चूक

एकोणिसाव्या दिवशी सगळं छान चाललं होतं. जाळीच्या दोन बाजूंना चंपा आणि झिपरी शांत बसल्या होत्या, अंग सैल, एकमेकींकडे बघून नजर फिरवत होत्या. मी म्हटलं, दार उघडून बघू. पट्टे लावले नाहीत. जाळीदार मुसकं घालायची सवय मी झिपरीला लावलीच नव्हती. पंधरा मिनिटं बरी गेली. मग बाहेर कुणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न वाजला, दोघी एकदम उठल्या, आणि त्याच दारात समोरासमोर आल्या.

काकांनी चंपाच्या गळ्यातला पट्टा पकडायला हात घातला आणि झिपरीचा चावा त्यांच्या मनगटात बसला. तिने काकांना चावायचं ठरवलं नव्हतं. झोंबलेल्या कुत्र्यांच्या तोंडाजवळ जे येतं त्याला दात लागतात. काकूंनी भिंतीशी ठेवलेला लाकडी पाट दोघींच्या तोंडांमध्ये सरकवला आणि भांडण सुटलं. पाट ठेवायला मीच सांगितलं होतं, पण हात घालायचा नाही हे काकांकडून घोकून घेतलं नव्हतं.

जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली आणि त्यांना राजावाडी रुग्णालयात नेलं. झिपरीची रेबीजची लस चालू होती, तरी काकांना धनुर्वाताचं आणि रेबीजविरोधी इंजेक्शन सुरू केलं: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या. "आपलंच कुत्रं आहे, त्याची लस झालीय" म्हणून घरी बसणारी माणसं मी पाहिली आहेत. तो निर्णय डॉक्टरांनीच करायचा.

चूक माझी होती आणि ती मी काकांना तिथेच सांगितली. कुत्री जाळीपलीकडे शांत होती, याचा अर्थ जाळीमुळे शांत होती. मी घाई केली. त्यानंतर आम्ही पुन्हा मागे गेलो: मुसक्याची सवय, दोघींना लांब पट्ट्यांवर समांतर चालवणं, मधलं अंतर आधी वीस पावलं, मग पंधरा, मग दहा. ऑक्टोबरपर्यंत दोघी खाडीकडच्या रस्त्याने पाच पावलांच्या अंतराने चालायला लागल्या. घरात मात्र एकट्या, माणसाशिवाय, त्या आजही एकत्र नसतात. झोपताना झिपरी मुलीजवळ, चंपा काकूंजवळ, मध्ये दार बंद. दोघी पुन्हा एकत्र झोपतील ही आशा सोडायला सांगणं मला जड गेलं, पण सांगितलं. काही जोड्या अशाच सांभाळायच्या असतात, कायम.

हिशेब

खर्च किती, असं पहिल्या भेटीत विचारलं तेव्हा काका म्हणाले, "पाच-सहा हजार." तीन महिन्यांच्या पावत्या आणि ऑनलाइन व्यवहार काढून बसलो, तर महिन्याला 11,400 निघाले. तयार दाणे आणि खाऊ 4,200, कोंबडी 3,600, तांदूळ-अंडी-दही 1,100, गोचीड आणि जंताची औषधं 1,300, डॉक्टर 1,200. थोडे काका आणायचे, थोडे मुलगी मागवायची, थोडे काकू कोंबडीवाल्याला द्यायच्या. तिघांपैकी कुणालाच आकडा माहीत नव्हता.

सर्वांत जास्त वाया जात होतं ते बिस्कीटच्या खाण्यात. किलोतल्या वजनाचा 0.75 घात काढून 70 ने गुणलं की कुत्र्याची विश्रांतीतली कॅलरीची गरज येते. त्याचं वजन 29 किलो असायला हवं, त्या हिशेबाने पावणेनऊशेच्या आसपास. वजन उतरवताना साधारण तेवढ्यावरच ठेवतात. तो दाण्यांच्या वर रोज पाच-सहा पोळ्या खात होता, आणि एका पोळीत शंभरच्या पुढेमागे कॅलरी असतात. भाजलेल्या कडक पोळ्या टाकवत नाहीत म्हणून काकू त्याला घालायच्या. शिळ्या भाजीबरोबर कधी कांदा-लसूणही जायचा. तो कुत्र्याला विषारी आहे हे घरात कुणाला माहीत नव्हतं.

आता वाटीऐवजी वजनकाटा आहे. शिकवताना दिलेले तुकडे दिवसाच्या जेवणातून वजा होतात. बिनहाडाची कोंबडी बंद, तिच्या जागी कोंबडीवाल्याकडचा पेटा, म्हणजे कोंबडीचं जठर, आणि थोडी कलेजी. मुख्य जेवण दाण्यांचंच ठेवलं, कारण नुसता भात आणि कोंबडी यात कॅल्शियम पुरत नाही. महिना 8,700 वर आला. दाणे 3,300, कोंबडी 1,900, तांदूळ-अंडी 700, डॉक्टर तेवढेच. औषधं मात्र 1,300 वरून 1,600 झाली, कारण गोचिडीचं औषध पूर्वी चौघांपैकी "ज्याला दिसली त्याला" घातलं जायचं. वाचलेल्यातले 1,500 बँकेतल्या आवर्ती ठेवीत जातात, उरलेले मुलीचे दाढेचे पैसे फेडायला.

ठेव जुलैत सुरू झाली आणि सप्टेंबरात मोती आजारी पडला. ताप, फिकट हिरड्या, जेवण बंद. गोचीडताप होता, रक्तातल्या प्लेटलेट घसरलेल्या. डॉक्सिसायक्लीन अठ्ठावीस दिवस. एका घरातल्या चौघांच्या अंगावर एकाच भिंतीतल्या गोचिडी असतात, म्हणून बाकीच्या तिघांचंही रक्त तपासावं लागलं. सगळे मिळून 7,800 झाले. ठेवीत 4,500 होते. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेलं असतं तर थोडं स्वस्त पडलं असतं, पण तीन पायांचा तापलेला कुत्रा घेऊन तिथवर जाऊन रांगेत बसणं काकांना झेपलं नसतं. उरलेले 3,300 काकूंच्या पोळ्यांतून आले.

म्हणून कुणी मला विचारलं की अजून एक कुत्रा परवडेल का, तर मी दाण्यांच्या पोत्याची किंमत विचारत नाही. दोन कुत्री एकाच महिन्यात आजारी पडली तर पैसे कुठून येतील, ते विचारते.

पडवीच्या भिंतीतल्या भेगा काकांनी सिमेंटने बुजवल्या. गोचिडीची मादी भिंत चढून अशा भेगांतच हजारोंनी अंडी घालते, नुसत्या कुत्र्याला औषध लावून भागत नाही. रात्री पाण्याचे आणि जेवणाचे वाडगे उचलून ठेवायला लागले, कारण तळमजल्याला उंदीर येतात आणि उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) येतो, कुत्र्याला आणि माणसालाही. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने माणसं गेली, ते काकूंच्या चांगलं लक्षात होतं. लेप्टोची लस दर वर्षी आणि साचलेल्या पाण्यातून कुत्रं न्यायचं नाही, या दोन गोष्टी त्यांना समजावून सांगाव्या लागल्या नाहीत.

सोसायटीचं थोडक्यात. तक्रारी दोन होत्या, पहाटेचं भुंकणं आणि आवारातली घाण. पाळीव कुत्री ठेवायला सोसायटी बंदी घालू शकत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाचं 2015 चं परिपत्रक सांगतं, आणि मुलगी ते छापून घेऊन सभेला निघाली होती. मी म्हटलं, आधी महिनाभर पाण्याची बाटली आणि कागद घेऊन आवारात फिरा, चौघांचे महापालिकेचे परवाने काढा, मग बोला. परवान्याला रेबीजच्या लसीचा दाखला लागतो, तो होताच. परिपत्रक पिशवीतच राहिलं.

जानेवारी

इमारत पुनर्विकासाला गेली. बिल्डर भाडं देणार होता, त्यात तीन वर्षं कुठेतरी राहायचं. नऊ घरं पाहिली. माणसांना नाही कुणी म्हटलं नाही, चार कुत्र्यांना सगळ्यांनी म्हटलं. सोसायटीला बंदी घालता येत नसली, तरी भाड्याने घर द्यायचं की नाही हे मालकाच्या हातात असतं. एका एजंटने सुचवलं, दोन दाखवा, दोन नंतर आणा. काकूंनी नकार दिला. खोटं बोलून घेतलेल्या घरात भुंकणं रोज खोटं पाडतं, असं त्या म्हणाल्या. शेवटी टागोर नगरात तळमजल्याचं एक घर मिळालं, बिल्डरच्या भाड्यापेक्षा 4,000 जास्त. ते 4,000 कुत्र्यांचेच, म्हणून काकूंनी ते कुत्र्यांच्याच हिशेबात लिहिले. महिना 12,700 झाला. आवर्ती ठेव त्यांनी मोडली नाही, काकांचा रोजचा बाहेरचा चहा-नाश्ता बंद केला.

सामान जायच्या आधी ग्रिलवाल्याने जाळीचं दार नव्या घरात बसवलं. पहिल्या दिवशी चंपा आणि मोती गेले, दुसऱ्या दिवशी बिस्कीट, तिसऱ्या दिवशी झिपरी. बिस्कीट तोवर 31 किलोवर आला होता. गोधड्या धुतल्या नव्हत्या, मुद्दाम.

मार्चमध्ये काकूंचा फोन आला. नव्या घराबाहेर, उभ्या स्कूटरच्या खाली एक पिल्लू रोज येऊन झोपतं. "ताई, एवढंसं आहे. खाऊन खाऊन खाणार किती?" मी म्हटलं, काकू, जोड्या मोजा. फोनवर त्या मोजत होत्या, चंपा-पिल्लू, मोती-पिल्लू, मला ऐकू येत होतं. "दहा होतात," त्या म्हणाल्या. मग थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. "बरं, बाहेरच पोतं टाकते त्याला. जेवण देईन. पण लस कुठे टोचून मिळेल, आणि मोठं झालं की नसबंदीला कुणाला बोलवायचं, तेवढं सांगून ठेवा."